कंद, गुटी, डोळा आणि टिश्यू: एका झाडाची हजार झाडं होतात कशी

जळगाव जिल्ह्यात केळीच्या रोपांची गाडी शेतावर आली की बांधावर एक प्रश्न हमखास निघतो. अमळनेर-धुळ्याकडचा पाहुणा असला तर तो अहिराणीत विचारतो, "हाई रोप कारखानामा बनस का भाऊ?" आणि मग गप्पा सुरू, की टिश्यूचं, म्हणजे लॅबच्या बाटलीत वाढवलेलं रोप म्हणजे केमिकलचं, इंजेक्शनचं, जमिनीची ताकद खाणारं, जुन्या कंदाच्या केळीची चव कुठे राहिली आता, वगैरे वगैरे. मला हा प्रश्न आवडतो, कारण त्याचं उत्तर नीट समजलं की फक्त केळी नाही, डाळिंब, मोसंबी, बोर, आंबा, लिंबू, सगळ्यांची रोपं कशी बनतात आणि नर्सरीत पैसे देताना नक्की काय बघायचं हे पण कळतं.

रोप बनवायचे रस्ते तसे दोनच आहेत. एक म्हणजे बी पेरायचं, दुसरा म्हणजे आहे त्या झाडाचा तुकडा घेऊन त्यालाच नवीन मुळं फोडायला लावायची. बाकी जी काही नावं आपण ऐकतो, कंद, पील, फाटा कलम, गुटी, डोळा भरणं, पाचर कलम, टिश्यू कल्चर, ती सगळी दुसऱ्याच रस्त्यावरची गावं आहेत.

आधी बियाचं बघू. बी बनतं तेव्हा आईकडचे अर्धे गुण आणि ज्याचा पराग आला त्याचे अर्धे गुण, असे पत्ते पिसून नवीन डाव वाटल्यासारखं होतं, म्हणून प्रत्येक बी वेगळं. आपल्याकडे बांधावर जे गावरान आंबे आहेत ना, कुणी शेंदऱ्या, कुणी खोबऱ्या, कुणाला नुसता दोरा तर कुणाचा रस भाकरीबरोबर वाटीभर संपवावा असा, ते सगळे कोयीतून आलेले म्हणून असे वेगवेगळे. तुम्ही गोड आंब्याची कोय लावली म्हणून गोडच आंबा येईल याची गॅरंटी कुणी देऊ शकत नाही, आणि कळायला सात-आठ वर्षं थांबावं लागतं ते वेगळंच.

पण बी वाईट असं अजिबात नाही. भरताचं वांगं बघा. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे ही वस्तू याच भागाची असं सांगणारं भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीला पण मिळालं, आणि बामणोदकडची ती हिरवी, पांढुरक्या रेघांची मोठी वांगी शेतकऱ्यांनी बी राखूनच पिढ्यानपिढ्या टिकवलीत. ते जमतं कारण वांग्याचं फूल बऱ्यापैकी स्वतःच्याच परागावर फळ धरतं, त्यामुळे गुण फार विस्कटत नाहीत, तरी मधमाशी बाजूच्या शेतातल्या दुसऱ्या वांग्याचा पराग आणतेच, म्हणून बियासाठी ठेवायच्या झाडाची फुलं उमलायच्या आधी पातळ कापडी पिशवीत बांधली तर जात शुद्ध राहते. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि माझ्या मते भरताच्या वांग्याची चव टिकवायची असेल तर प्रत्येकाने करायला पाहिजे.

पपईचा प्रकार वेगळा. नंदुरबार-शहाद्याकडे जी तैवान पपई लावतात ती बियापासूनच येते, पण ती हायब्रीड आहे, म्हणजे त्या फळातलं बी काढून पुन्हा लावलं की पुढच्या पिढीत फळाचा आकार, गोडी, झाडाची उंची सगळं विखुरतं. शिवाय पपईत झाडाचं लिंग पण बियात ठरतं. उभयलिंगी झाडाला बाजाराला लागतात तशी लांबट फळं येतात, मादी झाडाला गोल, आणि उभयलिंगी झाडाच्या स्वतःच्याच परागाने झालेलं बी लावलं तर साधारण दोनाला एक या प्रमाणात उभयलिंगी आणि मादी झाडं निघतात, रोप बघून कोणतं कोणतं हे डोळ्याने कळत नाही.

आणि कागदी लिंबू म्हणजे तर कमालच. लिंबाचं एक बी ओल्या मातीत टाका, कधी कधी त्यातून दोन-तीन कोंब येतात. त्यातला एखादा परागातून झालेला असतो, बाकीचे आईच्याच पेशींपासून बियाच्या आत तयार झालेले असतात, म्हणजे बी पेरलं तरी रोप हुबेहूब आईसारखं. म्हणून लिंबू बियापासून लावलं तरी आपल्याला फारसा फटका बसत नाही. नर्सरीवाले त्यातली एकसारखी जोमदार रोपं ठेवतात आणि एकदम मरतुकडी किंवा वेगळीच दिसणारी काढून टाकतात, ते याच्यासाठीच.

आता केळी. केळीला बीच नाही, त्यामुळे पहिला रस्ता बंदच. जंगली केळीत काळं टणक बी असतं, इतकं की खायला गर उरत नाही, पण आपण खातो त्या केळीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, एकूण ३३, आणि तीनाची नीट अर्धी वाटणी होत नाही म्हणून बी धरत नाही. मग हजारो वर्षं माणसाने एकच केलं, झाडाच्या बुडाला आलेला पील, म्हणजे कंदातून फुटलेला नवा कोंब, काढायचा आणि दुसरीकडे लावायचा. म्हणजे रावेर-यावलच्या बागेतली ग्रँड नैन, आपण जिला जी-नाईन म्हणतो, तिचं प्रत्येक झाड हे मुळात एकाच झाडाचा पसरत गेलेला भाग आहे. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या सगळ्या कॅव्हेंडिश गटातल्या, आणि ते कॅव्हेंडिश नाव इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या घराण्याचं, त्यांच्या काचघरात १८३० च्या दशकात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने ती केळी वाढवली म्हणून पडलेलं. पण म्हणून ती तिकडची होत नाही, केळीचं मूळ आपल्याच बाजूच्या आशियात आहे.

पील पण दोन जातीचे असतात आणि हे ज्याला ओळखता येतं त्याला निम्मं काम आलं. एक असतो अरुंद, तलवारीच्या पात्यासारख्या पानांचा, बुडाला जाड आणि वर निमुळता, तो आईच्या कंदाला घट्ट जोडलेला असतो आणि लागणीला तोच घ्यायचा. दुसरा लहानपणीच रुंद पानं काढून बसतो, दिसायला भरलेला पण कंद कमजोर, त्याला पाणपील म्हणतात, तो घेतला तर घड हलका पडतो. जुने लोक अर्ध्या ते पाऊण किलोचा, तीन-चार महिन्यांचा कंद बघून घ्यायचे आणि वरची मुळं, खराब भाग तासून औषधात बुडवून मगच लावायचे. यात अडचण एकच, कंदासोबत ज्या बागेतून तो आला तिथली सूत्रकृमी (मुळांत राहणारे बारीक जंत), कंद पोखरणारा सोंडकिडा, मर रोगाची बुरशी हे सगळं पण येतं. ग्रॉस मिशेल नावाची केळीची जात एकेकाळी जगभर विकली जायची, तिची निर्यात १९५० च्या दशकात पनामा रोगाने म्हणजे मर रोगाने बसवली, कारण सगळी झाडं एकाच झाडाचे तुकडे, एकाला रोग झाला की कुणातच वेगळी ताकद नाही. मग तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, आणि आता त्याच बुरशीची कॅव्हेंडिशला मारणारी नवीन जात बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेली आहे, म्हणून परराज्यातून स्वस्तात मिळतात म्हणून कंद आणणं हा प्रकार खान्देशात पूर्ण बंद व्हायला पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

टिश्यूकडे जायच्या आधी तुकड्याला मुळं फुटतात कशी ते बघावं लागेल, आणि ते समजायला डाळिंबाची गुटी सगळ्यात चांगली, कारण तिथे सगळं डोळ्यासमोर होतं.

साक्रीकडे पावसाळ्यात गुटी बांधतात ते कधी जवळ बसून बघा. पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची, तिच्यावर चाकूने गोल दोन काप, मध्ये इंचभर अंतर, आणि तेवढ्या भागाची साल बांगडीसारखी काढून टाकायची. खालचं लाकूड पांढरं, ओलसर, बोटाला बुळबुळीत लागतं, ती बुळबुळ पुसून घेतात. मग ओलं करून पिळलेलं शेवाळ त्याच्याभोवती मुठीत दाबून प्लास्टिकने गुंडाळायचं आणि दोन्ही टोकं सुतळीने घट्ट बांधायची, पाणी आत जाऊ नये आणि ओल बाहेर पडू नये म्हणून. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसतात, आधी पांढरी, मग हळूहळू पिवळसर तपकिरी, आणि तपकिरी व्हायला लागली की फांदी खालून कापून पिशवीत लावायची.

झालं काय, तर झाडात दोन वाहतुकी असतात. मुळाकडून वर पाणी जातं ते लाकडातून, आणि पानात बनलेली साखर खाली येते ती सालीतून. आपण फक्त साल काढली, लाकूड तसंच ठेवलं, त्यामुळे फांदीला पाणी मिळत राहिलं, ती सुकली नाही, पण खाली येणारी साखर मात्र कापाच्या वर अडकली. साखरेबरोबर शेंड्याकडून आणखी एक गोष्ट खाली येत असते, ऑक्सिन नावाचं संप्रेरक, म्हणजे झाडाचं हार्मोन. तेही तिथेच साठतं. ओल, अंधार, साखर आणि ऑक्सिन एकत्र आलं की कापाच्या वरच्या कडेवरच्या पेशी आपलं आधीचं काम सोडून मुळं बनवायला लागतात. मुळं नेहमी वरच्या कापाला येतात, खालच्याला नाही, ते याच्यामुळे. दुकानात मुळं फुटायची पावडर मिळते त्यात बहुतेक वेळा आयबीए असतं, तेही ऑक्सिनच, आपण फक्त बाहेरून जास्तीचं देतो. शेवग्याची, जास्वंदाची फांदी नुसती खोचली तरी लागते कारण तिच्यात हे आधीच भरपूर असतं. फक्त फांदी उलटी खोचायची नाही, झाडाला वर कुठे आणि खाली कुठे हे कळतं, शेंडा मातीत गेला की बहुतेक वेळा ती वाळून जाते.

डोळा भरणं आणि कलम यात मुळं फोडायची भानगडच नाही, मुळं दुसऱ्याची घ्यायची. मोसंबीला रंगपूर लिंबू किंवा जंबेरीचा खुंट, म्हणजे मुळासकटचं खालचं रोप, वापरतात, म्हणजे जमिनीशी झुंज खुंटाने द्यायची आणि फळ मोसंबीने द्यायचं. बोरीचं पण तसंच. मेहरूणची बोरं ज्याने खाल्लीत त्याला सांगायला नको, पण त्या झाडाची आठळी लावून ती चव मिळत नाही, रानबोरीच्या खुंटावर त्या झाडाचा डोळा बसवावा लागतो. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी सारखा काप देतात, साल चाकूच्या मागच्या बाजूने हळूच उचलतात, आत ढालीच्या आकाराचा डोळा सरकवतात आणि डोळा उघडा ठेवून पट्टी बांधतात. साल सहज सुटत असेल तरच हे जमतं, आणि साल सुटते ती झाडात रस फिरत असताना, म्हणून पाऊस लागल्यावर हे काम काढायचं. सालीच्या लगेच खाली पेशींचा एक अगदी पातळ थर असतो, झाड जाड होतं ते याच थरामुळे, आणि खुंटाचा थर व डोळ्याचा थर एकमेकांना टेकला तरच दोघं जुळतात. म्हणून चाकू धारदार पाहिजे, हात स्वच्छ पाहिजेत आणि काप दिल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, थर वाळला की संपलं.

कलमी आंबा तीन-चार वर्षांत फळ देतो त्याचं कारण पण इथेच आहे. कलमकाडी ज्या झाडाची घेतली ते झाड आधीच वयात आलेलं असतं, ती काडी नवीन खुंटावर बसली तरी तिचं वय पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही.

मग केळीवर कलम का होत नाही, एखाद्या रोगाला न जुमानणाऱ्या जंगली केळीच्या बुडावर जी-नाईन बसवली तर? विचार बरोबर आहे, पण केळी, ऊस, नारळ, गहू या सगळ्यांत तो पातळ थरच नसतो, पाण्याच्या आणि साखरेच्या नळ्या खोडात सुट्या सुट्या विखुरलेल्या असतात, जुळवणार कशाला काय. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये बियातल्या अगदी कोवळ्या गर्भाच्या अवस्थेत गव्हाचा कोंब ओटच्या मुळावर जोडून दाखवला, त्यामुळे हे अगदीच अशक्य नाही असं कळलं, पण शेतात वापरायला ते अजून लांब आहे.

तर केळीसाठी उरला कंद, नाहीतर टिश्यू.

टिश्यूची कल्पना जुनी आहे. १९०२ मध्ये हाबरलांट नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडलं की झाडाच्या एका पेशीतून पूर्ण झाड व्हायला पाहिजे, पण त्याला करून दाखवता आलं नाही, कारण हार्मोन तेव्हा माहीतच नव्हते. १९५५ मध्ये हेरिंग माशाच्या डीएनएमधून कायनेटिन नावाचा पदार्थ निघाला, जो पेशींना फुटायला लावतो, आणि १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर दाखवलं की ऑक्सिन जास्त आणि कायनेटिन कमी दिलं तर मुळं येतात, उलट केलं तर कोंब येतात. नुसत्या प्रमाणावर सगळा खेळ. पुढच्याच वर्षी स्टीवर्ड यांनी गाजराच्या पेशींपासून पूर्ण गाजराचं झाड वाढवलं, त्यांच्या प्रयोगात नारळाचं पाणी वापरलं होतं, आणि १९६२ मध्ये मुराशिगे व स्कूग यांनी क्षारांचं जे मिश्रण छापलं तेच आजही केळीच्या बाटलीत खाली थिजलेलं दिसतं.

त्या बाटलीत असतं काय? पाणी, नत्र-पालाश-कॅल्शियम वगैरे क्षार, थोडी जीवनसत्त्वं, लिटरला ३० ग्रॅम साधी साखर, घट्ट करायला समुद्री शेवाळापासून बनणारं अगर, आणि चिमटीतही येणार नाही इतके हार्मोन. म्हणजे शेतात आपण जे खत देतो तेच, फक्त मोजून. जमिनीची ताकद खायचा किंवा चव बिघडवायचा प्रश्नच येत नाही. चव जातीवर, खत-पाण्यावर आणि घड किती पिकल्यावर कापला यावर ठरते.

काम सुरू होतं ते निरोगी, भारी घड देणाऱ्या आईच्या तलवारी पिलापासून. पील धुऊन त्याचे पापुद्रे एकावर एक सोलत जायचे, मनगटाएवढ्या कंदाचं सोलता सोलता बोटाएवढं होतं, मग त्याहून बारीक, आणि शेवटी आत एक पांढरा, चमकदार, ज्वारीच्या दाण्याएवढा घुमट राहतो, भोवती एक-दोन पानांची नुसती सुरुवात. तोच वाढीचा शेंडा. तो औषधात निर्जंतुक करून, गाळलेली हवा सतत वाहत असलेल्या टेबलावर बाटलीत ठेवतात. बाटली आधी १२१ डिग्रीला वाफेत उकळून घेतलेली असते, कारण साखर आहे म्हटल्यावर एखादा जंतू जरी आत गेला तरी दोन दिवसांत सगळं बुरशीने भरतं. नंतर दर तीन-चार आठवड्यांनी कोंबांचा झुबका सोडवून वेगळा करायचा आणि नव्या बाटल्यांत टाकायचा. एकाचे तीन, तिनाचे नऊ, असं वाढत जातं. मग शेवटी हार्मोनचं प्रमाण बदलून मुळं आणतात.

हे कितीही वेळा करत राहता येतं का? नाही, आणि इथेच चांगली लॅब आणि पैशाच्या मागे लागलेली लॅब यातला फरक दिसतो. जास्त वेळा फोडत गेलं की पेशींत बदल साठत जातात आणि मग बागेत खुजी, आखूड पानांची झाडं निघतात, ज्यांना घड नीट येत नाही. म्हणून साधारण आठ फेऱ्यांच्या आसपास थांबून नवीन पिलापासून सुरू करायचं असतं.

बाटलीतून निघालेलं रोप शेतात का चालत नाही, हे आपल्या भागात तर नीट समजून घ्यायला पाहिजे. बाटलीत हवा पूर्ण ओली असते, त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट बनत नाही, पानाची छिद्रं बंद कशी करायची हे त्याला जमत नाही, आणि साखर आयती मिळत असल्याने पान स्वतः अन्न बनवायला पण पुरतं शिकलेलं नसतं. असं रोप भुसावळच्या ४४-४५ डिग्रीच्या उन्हात ठेवलं तर तासाभरात मान टाकेल. म्हणून आधी चार ते सहा आठवडे दमट ग्रीनहाऊसमध्ये ट्रेत, मग पाच-सहा आठवडे शेडनेटखाली पिशवीत, पाणी आणि सावली हळूहळू कमी करत. याला हार्डनिंग म्हणतात. मागणी जोरात असली की काही ठिकाणी या दुसऱ्या टप्प्याचे दिवस कापतात, आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. तुम्ही रोप घेताना एखादी पिशवी फाडून बघायचा हक्क तुम्हाला आहे, पांढरी मुळं मातीभर पसरलेली पाहिजेत, पाच-सहा रुंद पानं आणि फूटभर उंची पाहिजे.

खान्देशात टिश्यूची ग्रँड नैन नव्वदच्या दशकात पसरली, जळगावच्या जैन इरिगेशनचा त्यात मोठा हात, आणि ठिबकबरोबर ती आल्यामुळे कंदाची जी बाग पंधरा-अठरा महिने घ्यायची ती अकरा-बारा महिन्यांत कापायला येऊ लागली, तीही एकदम, कारण सगळी रोपं एका वयाची. व्यापाऱ्याची गाडी एका वेळी भरते, पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो की त्यानंतर लावलेली कांदेबाग.

पण एक गैरसमज फार पसरलाय, की टिश्यूचं रोप म्हणजे रोगमुक्तच. बुरशी, सूत्रकृमी, सोंडकिडा येत नाहीत हे खरं, व्हायरस मात्र पेशीच्या आत बसलेला असतो. आईला सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) असेल, म्हणजे आपण ज्याला हरण्या रोग म्हणतो, किंवा शेंड्याला पानांचा गुच्छ करणारा पर्णगुच्छ रोग असेल तर एका आजारी आईपासून हजार आजारी रोपं बनू शकतात. म्हणून आईची व्हायरस टेस्ट व्हावी लागते, आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २००६ पासून टिश्यू रोपांसाठी प्रमाणपत्राची सोय आहे, बॅचला लेबल मिळतं. बिल घेताना लेबल आणि बॅच नंबर मागा, लाजायचं काही कारण नाही.

रोप निरोगी आलं तरी हरण्या बाहेरून येऊ शकतो, मावा तो पसरवतो, आणि काकडी, भोपळा, टमाटा, मिरची ही सगळी त्या व्हायरसची घरं आहेत, म्हणून केळीत किंवा बांधाला लागून ही आंतरपिकं नकोत आणि तण पण वाढू द्यायचं नाही. पहिले दोन-तीन महिने आठवड्याला एकदा ओळीतून फिरा. पानावर पिवळट पट्टे, पान अरुंद आणि आखडलेलं, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडायला लागलेला, असं झाड दिसलं की वाट न बघता कंदासकट उपटून शेताबाहेर नेऊन पुरा, आणि ज्या ओळीत असं झाड निघालं तिथला पील पुढच्या वर्षी पिलबागेला, म्हणजे त्याच बुडाच्या पिलावर घ्यायच्या पुढच्या पिकाला, ठेवायचा नाही आणि लागणीसाठी शेजाऱ्याला पण द्यायचा नाही.